सकाळची हाक

हाफीज मिस्त्रीनं पाना खाली ठेवला, रस्त्याकडं मान वळवली आणि "स्टँड!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. उघडलेलं तोंड वाया जाऊ नये म्हणून त्यानं जांभई दिली आणि पाना पुन्हा उचलला.

"आजबी न्हाई?" शमानं चहाचा कप टायरवर ठेवत विचारलं.

"कंबर धरलीया म्हणं त्याची. दूध शेखर नेतोय टेम्पोतनं."

"भाऊजींची कंबर?" शमानं नवऱ्याकडं बघितलं. "म्हशीनं लाथ घातली तवा दुसऱ्या दिवशी रतीब घालाय गेले हुते ते."

हाफीजनं फुंकर न मारता चहा प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

शेखर पाळण्यात होता तेव्हापासून त्याचा बाप, भिवाजी ढमाले, मुळशीकडून दुधाच्या किटल्या घेऊन लवळ्याच्या कॉलेजांच्या कँटीनना दूध घालायला निघे. पौडच्या अलीकडं हाफीजचं गॅरेज लागे. भिवाजीच्या मोटारसायकलचं मेन स्टँड कधीच गंजून गळून पडलं होतं आणि साइड स्टँड वर घ्यायचं असतं ही गोष्ट त्याला आयुष्यात एकदाही आपणहून आठवली नव्हती. तो गॅरेजसमोरून जाताना हाफीज ओरडे, "स्टँड!" भिवाजी मागं न बघता टाचेनं स्टँड वर घेई आणि पुढं जाई. दोघांत याखेरीज दुसरा रामराम किंवा सलाम झालेला कुणी ऐकला नव्हता. हाफीजनं त्या स्टँडची स्प्रिंग दोनदा बदलून दिली होती. भिवाजी बदलून द्यायची सोय नव्हती.

दसऱ्याला भिवाजीनं नेमाप्रमाणं गाडी गॅरेजात आणली. "अवंदा जरा नव्यासारखी दिसू दे मिस्त्री," एवढंच म्हणाला. हाफीजनं दुपारचं जेवण सोडून तिला पॉलिश मारलं, टाकीवरचा पोचा बाहेर काढला, आरशाचा सैल झालेला गळा आवळला. शमानं झेंडूचा हार आणून दिला. गाडी अशी झाली की भिवाजीलाच क्षणभर दुसऱ्याची वाटली. त्या दिवसापासून ती गॅरेजसमोरून गेली नव्हती.

संध्याकाळी मात्र भिवाजी येई. कंबरेवर हात ठेवून, चालत. गॅरेजसमोर रस्त्यापलीकडं सारजाबाईचं चहाचं दुकान होतं. तिथल्या बाकावर सध्या एकच विषय चाले. पौडच्या बाजारात मोबाईलवाल्या मनीषनं इलेक्ट्रिक मोटारसायकली विकायला सुरुवात केल्यापासून खोऱ्यातल्या प्रत्येकाला विजेबद्दल मत झालं होतं.

"भविष्य विजेचंच आहे," गुरुजी म्हणत. निवृत्तीनंतरही ते एसटीनंच फिरत असल्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलायला मोकळे होते.

"भविष्याचं सोडा. हितं ढग दिसला की लाईट जातीया," हाफीज म्हणे. "गाडी भरायची कशावर?"

"आन् लवळ्याचा चढ?" भिवाजी लगेच त्याची री ओढे. "दोन किटल्या लावून चढून दावा म्हणावं. मधीच बसंल मटकन, म्हशीवानी. मी तर फुकट दिली तरी बसायचो न्हाई."

"तुमी उगं नावं ठिवू नगा," सारजाबाई भजी काढता काढता म्हणे. "त्या दिशी पुण्याची यवढी मोठी इलेक्ट्रिक कार माझ्या दारात थांबली. म्होरल्या रिसॉर्टातला चार्जर बंद हुता. माणसं चार. तीन येळा चहा, दोन येळा भजी. मला इचाराल तर लई गुणाची गाडी हाय."

सगळे हसत. भिवाजी सगळ्यांत मोठ्यानं हसे. गेल्या काही आठवड्यांत तो विजेच्या गाड्यांविरुद्ध इतका तावातावानं बोलू लागला होता की हाफीजलाच कधी कधी त्या गाड्यांची बाजू घ्यावीशी वाटे. पण त्याला बरंही वाटे. कंबर धरलेला माणूस केवळ आपल्या बाजूनं बोलायला चालत येतो, हे काही थोडं नव्हतं.

शमाला मात्र ते बरं वाटत नसे. त्याला कारण होतं. मागल्या उन्हाळ्यात त्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचा माणूस आधी हाफीजकडंच आला होता. दुरुस्तीचं शिक्षण देऊ, हत्यारं देऊ, गॅरेजवर पाटी लावू, म्हणाला होता. हाफीजच्या मनात भरलं होतं. शमानं तर पाटी कुठं लावायची ती जागासुद्धा पुसून ठेवली होती. हाफीज म्हणाला, भिवाला विचारतो. भिवाजीनं बाकावर मांडी घालून सांगितलं होतं, "ह्या खोऱ्यात कोण घेतंय ती खेळणी? तुझं नाव जाईल मिस्त्री. मी मरंपातुर तुझ्या हातचीच गाडी चालीवणार." हाफीजनं कंपनीच्या माणसाला चहा पाजून परत पाठवला. पाटी मनीषच्या मोबाईलच्या दुकानावर लागली. पुसलेली जागा भिंतीवर अजून तशीच, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होती.

त्या सकाळी भात कापून नेणारी ट्रॉली शेतांमधल्या पाणंदीत आडवी झाली. त्यामुळं पाणंदीनं जाणाऱ्या दोन म्हशी, एक नवरदेव आणि भिवाजी ढमाले यांना डांबरी रस्त्यानं यावं लागलं.

हाफीज गाडीखाली पाठीवर पडून साखळी ओढत होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या कानावर पहिल्यांदा पडला तो सारजाबाईचा आवाज.

"अवं भिवाजी! पळताय कुटं? पिशवीचं दूध नासलंय माझं, लिटरभर द्या की!"

हाफीज गाडीखालून बाहेर आला. पलीकडं निळ्या रंगाची नवी मोटारसायकल उभी होती. तिला दोन्ही बाजूंनी भिवाजीच्या जुन्या, पोचे पडलेल्या किटल्या लटकत होत्या. हँडलला लिंबू-मिरची होती. भिवाजी घाईघाईनं माप ओतत होता आणि दूध पातेल्याबाहेर सांडत होता. मग तो टांग टाकून बसला, गाडी सरळ केली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"काय झालं?" गुरुजी उठले. बाकावरचे बाकीचेही उठले. इतके दिवस ज्या गोष्टीवर सगळे बोलत होते ती गोष्ट आपण होऊन दारात येऊन बंद पडली होती, आणि असा योग वारंवार येत नाही.

हाफीजनं चिंधीनं हात पुसले. एरवी तो ते तोंडदेखले पुसे. आज बोटांच्या मधल्या बेचक्यासुद्धा पुसल्या. मग रस्ता ओलांडून तो गाडीपाशी आला.

"कंबर कशी हाय?" त्यानं विचारलं.

भिवाजी गाडीच्या छोट्या पडद्याकडं बघत राहिला. "शेखरची हाय ही," तो म्हणाला. "मी आपला आजच..."

"शेखर तर आठ दिस झालं चाकणला गेलाय," सारजाबाई म्हणाली. "आन् तुमी रोज पाणंदीनं निळ्या गाडीवरनं जाता म्हणून माझी सून सांगत हुती. मला वाटलं तिचे डोळे तपासाय पायजेत."

कुणीतरी खोकलं.

"मनीषकडनं?" हाफीजनं विचारलं.

"व्हय."

"कवा?"

"दसऱ्याला."

"दसऱ्याला तर तू जुनी हितं आणली हुतीस."

भिवाजीनं बटण पुन्हा दाबलं. "ती बदल्यात दिली," तो बटणालाच सांगितल्यासारखं म्हणाला. "मनीष म्हणला, चकाचक दिसली की भाव चांगला यील."

हाफीजनं मान हलवली. हिशेब पटल्यावर माणूस हलवतो तशी. त्याला त्या दिवशीचा आरसा आठवला असावा, कारण त्याचा अंगठा आणि बोट काहीतरी आवळल्यासारखं नुसतंच फिरलं.

एव्हाना गर्दी गाडीच्या पडद्यावर वाकली होती. तिथं एक लाल चित्र लुकलुकत होतं. ते कशाचं आहे हे बघण्याआधीच प्रत्येकानं त्यावर मत दिलं होतं.

"बॅटरी तापली."

"लाल म्हंजी वझं जास्ती झालं."

"शॉक बसंल, हात काढा आधी!"

"मिस्त्री म्हणत हुते तसंच झालं बघा," ज्यानं मागच्या आठवड्यात मनीषकडं चौकशी केली होती तो म्हणाला. "वाचलो म्हणायचं."

भिवाजीनं मनीषला फोन लावला. सगळ्यांना ऐकायचं होतं म्हणून स्पीकरवर टाकला.

"काका, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असंल," मनीष म्हणाला. "काळजी करू नका. वरनं अपडेट यील."

"कवा?"

"उद्याच्याला."

सारजाबाईनं आभाळाकडं बघितलं. "वरनं म्हंजी?"

फोन बंद झाला. भिवाजीच्या कपाळावर घाम आला होता. लवळ्याचे कँटीनवाले थांबणारे नव्हते. एकदा दूध चुकलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा टेम्पो दारात उभा राहतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"मिस्त्री," तो हळू म्हणाला. "बघ की जरा."

मिस्त्री लोक गाडी बघायला आधी खाली बसतात. हाफीज उकिडवा बसला. डावीकडच्या किटलीमागं, उभ्या माणसाला न दिसेल असं, साइड स्टँड आरामात पाय पसरून खाली होतं. मनीषनं मेन स्टँड लावायला शिकवलं होतं आणि इतके दिवस भिवाजीनं तेच लावलं होतं. आज घाईत पाय जुन्या सवयीच्या जागी गेला होता. नव्या गाड्या स्टँड खाली असलं की चालू होत नाहीत. पेट्रोलच्याही होत नाहीत. हे हाफीजला इकडं येणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांवरून पाठ झालं होतं. चालत्या गाडीचं खाली राहिलेलं स्टँड अख्ख्या तालुक्याला दिसतं. उभ्या गाडीचं कुणाला दिसत नाही.

शब्द जिभेवर आला. रोजचाच होता, तो येणारच. दसऱ्यापासून साठून राहिला होता.

हाफीजनं तोंड उघडलं, किटलीच्या पोच्यात दिसणारं स्वतःचं वाकडं तोंड बघितलं आणि मिटलं.

"काय झालंय?" गुरुजींनी विचारलं.

"इलेक्ट्रिक हाय," हाफीज उठत म्हणाला. "टोचन करून न्यावी लागंल. दोरी आणतो."

गर्दीनं समाधानाचा श्वास सोडला. शमा गॅरेजच्या दारात उभी होती. हाफीजनं खुंटीवरची दोरी काढली, तेव्हा भिंतीवरच्या उजळ चौकोनाला टेकून ती बघत राहिली.

हाफीजनं आपली जुनी मोटारसायकल आणून पुढं लावली. दोरीचं एक टोक तिच्या कॅरिअरला आणि दुसरं निळ्या गाडीला बांधलं. गाठ दोनदा ओढून बघितली.

"मनीषकडं?" गर्दीतल्या कुणीतरी विचारलं.

"लवळ्याला. दूध पोचलं पायजे." तो थांबला. "पौडच्या बाजारातनं."

दुसरा रस्ता होता. सगळ्यांना माहीत होता. भिवाजीनं मान खाली घातली.

निघण्याआधी हाफीज पुन्हा मागं आला. किटलीचं झाकण घट्ट आहे का हे बघायला वाकला आणि वाकता वाकता, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, पायाच्या अंगठ्यानं स्टँड वर सारलं. खट्ट. आवाज फक्त बसणाऱ्याच्या पोटरीला कळला.

लाल चित्र गेलं. पडद्यावर हिरवा दिवा लागला.

भिवाजीनं हिरव्या दिव्याकडं बघितलं. मग हाफीजच्या पाठीकडं. हाफीज आपल्या गाडीवर जाऊन बसला होता आणि एका किकमध्ये तिनं धूर सोडला होता. त्यानं आरसा थोडा वळवला. आरशात निळी गाडी होती, तिच्यावर वाकलेलं भिवाजीचं मुंडासं होतं आणि मधोमध तो हिरवा ठिपका.

भिवाजीनं मूठ जरा पिळली असती तरी गाडी आपली आपण निघाली असती. गर्दी अजून तिथंच होती. एवढं बोललेली माणसं एका क्षणात तोंडघशी पडली असती, आणि त्यांत पहिला मिस्त्री असता.

भिवाजीनं किल्ली फिरवली. आरशातला हिरवा ठिपका विझला.

"ओढ मिस्त्री," तो म्हणाला.

दोरी ताणली गेली. कुणीतरी शिट्टी मारली. गुरुजी म्हणाले की भविष्य विजेचंच आहे, पण घाई नको. वळणाच्या अलीकडं, पौडचा बाजार लागायच्या आधी, मागून हाक आली. जुनीच, पण उलट्या बाजूनं.

"स्टँड!"

हाफीजनं मागं न बघता टाचेनं आपलं स्टँड वर घेतलं.

पुढं गतिरोधक होता. त्यानं वेग कमी केला नाही. मागं किटल्या मोठ्यानं आदळल्या.