सीटखालचा डबा

मी एक जुना डबा आहे. लोणच्याचा नाही, फराळाचाही नाही. एरंडोलजवळच्या एका गावात तोतारामआबांची मोटरसायकल आहे, तिच्या सीटखाली बसणारा काळा, कुरूप, हवेचा डबा. मित्रांनो, दोन सिलिंडरची ही गाडी आबांनी लग्नाआधी घेतली, आणि तिचा प्रत्येक श्वास माझ्या पोटातून गेला. हवा आत घ्यायची, धूळ गाळायची, आवाज गिळायचा आणि दोन्ही कार्बोरेटरना सारखा वाटा द्यायचा. झुकतं माप कुणाला दिलं नाही. त्यामुळे माझं कौतुकही कुणी केलं नाही.

पुढे गाडी आबांच्या मुलाकडे, कुंदनकडे आली. जळगावच्या पाइप कारखान्यात तो तिच्यावरूनच जातो. गाडीवर त्याचा जीव. फक्त तिचा आवाज त्याला कमी वाटायचा. जळगावचा नवल मेस्त्री त्याला म्हणाला, "कुंदनभाऊ, या डब्यात गाडी गुदमरून राहिली. काढून फेक. दोन्ही कार्बोरेटरला एकेक उघडा फिल्टर लावून देतो. सगळं जळगाव वळून पाहीन!"

"पण मग पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागतात ना?"

"ते नंतर पाहू."

नंतर कुणी पाहिलं नाही. जळगाव मात्र वळून पाहू लागलं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, आणि गाडी चढावर खोकू लागली. त्यात कापसाचा हंगाम. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या रस्त्याने ट्रॅक्टरमागे उडणारा कापूस त्या उघड्या फिल्टरांवर गोधडीसारखा बसे. मग कुंदन गाडी ढकलत घरी येई आणि आबा ओट्यावरून विचारत, "आवाज ते भलता शे. गाडी कोठे शे?"

शेवटी आबांनी निकाल दिला. "पाडवाले गाडी नीट चालनी ते ठीक. नईते झुलालभाऊले दी टाकस." झुलालभाऊ म्हणजे जुन्या गाड्या घेणारे धुळ्याचे गृहस्थ.

कुंदनला तेव्हा माझी आठवण झाली. मी गोठ्यात होतो. त्याच्या आईने, इंदिराबाईंनी, मला खिळ्याला टांगून ठेवलं होतं. माझ्या दोन गोल तोंडांपैकी एकातून चिमणी आत शिरली होती. ज्या कापसाने फिल्टर बुजले, त्याच कापसाचं तिने अंथरूण केलं होतं.

"माय, डबा लागस. नईते गाडी जाई!"

"पिल्ले शेतस त्याम्हा. उडनात म्हंजे डबा लई जाय."

"पन पाडवा जवळ उना!"

"ते चिमणीले सांग."

कुंदन रोज कामावर जाण्याआधी माझ्यात डोकावू लागला. मग आबाही येऊ लागले. मुदत घालणारा माणूस हळूच विचारायचा, "उडनात का?"

पाडवा आला, गुढी उभी राहिली, झुलालभाऊ छोटा टेम्पो घेऊन हजर झाले. गाडीभोवती फिरून म्हणाले, "आबा, मूळ डबा कुठे? डब्याशिवाय मी नेत नाही."

आबांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. माझ्या तोंडातून एक पिल्लू चोच वासून पाहुण्यांकडे बघत होतं.

"मग मी येऊ केव्हा?"

"चिमणीले ईचार," इंदिराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाहुण्यांना श्रीखंड वाढलं.

झुलालभाऊ रिकामा टेम्पो घेऊन परतले. गाडीवर नसतानाही मीच गाडी वाचवली, हे नम्रपणे नमूद करतो.

मग पिल्लं उडाली. कुंदनने मला धुतलं, सुकवलं, आत नवा फिल्टर घातला आणि माझ्या जागी बसवलं. सकाळी एका किकमध्ये गाडी निघाली. बऱ्याच वेळाने ओट्यावर चहा पिणाऱ्या आबांनी विचारलं, "कुंदन अजून गया नई का?"

"तो ते कवळच गया!" इंदिराबाई म्हणाल्या. कधीचाच गेला होता; आवाज मी गिळला होता.

आबांनी कप खाली ठेवला आणि धुळ्याला फोन लावला. "झुलालभाऊ, चिमणी उडनी. पन गाडी आते देस नई."

मित्रांनो, जी वस्तू गाजावाजा करत नाही, ती काहीच करत नसेल असं समजू नका. पान्याला हात घालण्याआधी ती काय करते, एवढं विचारा. मधूनमधून तिच्यावरची धूळ झटका. आमच्या जातीला एवढं पुरतं.

गोठ्यातल्या त्या खिळ्यावर आता कुंदनने त्या उघड्या फिल्टरांचा रंगीत खोका टांगला आहे. चिमणी येऊन पाहून गेली. तिला पसंत पडला नाही.