वायरीपुरती फट

आठवडाभर ढग होते, गाडीच्या छपरावरचं सोलर नावापुरतंच उरलं होतं, म्हणून भाऊ बहिणीच्या दारी आला. नाहीतर तो कुठला यायला! चार चाकांवर संसार थाटून हिंडणारा एकटा जीव. ताई त्याला गोगलगाय म्हणायची. घर पाठीवर, आणि पाय काही एका जागी ठरत नाही. ताईचं घर मात्र जागच्या जागी होतं, आणि नवरा गेल्यापासून त्यात बोलायला भिंतींशिवाय कोणी नव्हतं.

त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर घेतली आणि ओट्यावर चार्जर मांडला.

"ही इंजिनाची बॅटरी नव्हे बरं का, ताई. आतल्या दिव्यापंख्याची. शंभर अँपिअर-तासांची आहे, म्हणून करंट दहा अँपिअरवर ठेवायचा. त्याहून फार दिला तर तापते."

"आणि कमी दिला तर?"

"भरत बसते रडतखडत. दहावर संध्याकाळपर्यंत होईल. मग निघतो."

"जेवून तरी जा."

"बघू."

त्याचं 'बघू' म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तो अंघोळीला गेला तशी तिनं चार्जरचं बटण हळूच दोनवर आणलं. देवानं पोटाला भूक दिली, तशी जिवाला सोबतीची दिली. ती भागवताना कुणी चिमूटभर चोरलं, तर देव काही लगेच जाब विचारत नाही.

संध्याकाळी बॅटरीचा काटा जेमतेम हलला होता. भाऊ कुरकुरत जेवला आणि राहिला. सकाळी चार्जरपाशी येऊन थबकला.

"ताई, हे दोनवर कोणी आणलं?"

"मांजरीनं असेल."

"मांजर कधी पाळलंस?"

ताई खाली मान घालून भांडी घासत राहिली.

"आणि गोगलगाय म्हणे मी! पोटात पाय तर तुझ्या आहेत." तो हसला, बटण पुन्हा दहावर नेलं आणि गाडीत जाऊन बसला.

संपलं, तिला वाटलं. आता दुपारपर्यंत भरेल.

दुपारी ती कपडे वाळत घालायला बाहेर आली, तर गाडीतले सगळे दिवे लखलखत होते. पंखा गरगरत होता, छोटा फ्रीज घुरघुरत होता, आणि भाऊ तोंडावर पेपर घेऊन पडला होता. तिनं मनातल्या मनात गणित मांडलं. एकीकडून दहा आत, दुसरीकडून जवळजवळ तेवढंच बाहेर.

"अरे, दिवसाढवळ्या दिवे कशाला?"

"ढग आहेत ना. दिसत नाही," पेपरखालून उत्तर आलं.

तिनं आत जाऊन दोन माणसांचं आधण ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपणहून दिवे मालवले. तिला खिडकीतून दिसलं, एकेक करून. मग चार्जरवरचा, बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागायला फारसा वेळ लागला नाही. त्यानं वायर गुंडाळली.

"येतो गं, ताई. पुन्हा लवकर येईन."

"बघू," ती म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. खिडकी वायरीपुरती फटभर उघडीच राहिली होती. गार वारा आत येत होता. ताईनं अंगावर शाल घेतली, पण खिडकी लावली नाही.