गालिच्यावरचा चीक

फणस कापायच्या आधी हातांना तेल लावतात.

जावयाने सासूच्या समोर उभं राहू नये, तिच्याशी हातोहात काही देऊ-घेऊ नये. तसं केलं तर म्हातारपणी हात थरथरतात. आमच्या मुकोनो गावात असे थरथरणारे हात लोक लांबून दाखवतात आणि सासवांची नावंही सांगतात.

माझ्या नवऱ्याच्या, मुकीबीच्या, बोटांना कायम साबणाचा वास येतो.

शनिवारी माझ्या धाकट्या बहिणीला, नम्पीजाला, मागायला पाहुणे येणार.

आईने गालिच्यावर उकळतं पाणी ओतलं.

आता सरळ सांगते. बैठकीतल्या लाल गालिच्यावर फणसाचा चीक सांडला होता. उकळत्या पाण्याने तो निघायच्या ऐवजी धाग्यांत मुरला. शुक्रवारी सकाळी तिथे ताटाएवढा काळा, चिकट डाग होता, आणि दुसऱ्या दिवशी नवरदेवाला तिथेच बसवून जेवायला वाढायचं होतं.

"वर चटई टाकू," मी म्हटलं.

"टाक ना. त्यांच्याकडची एखादी आत्या चटईचा कोपरा उचलून बघेल, तेव्हा काय तिच्या तोंडात पपई कोंबशील?"

मी मुकीबीला बोलावलं. गालिचे धुणं हाच त्याचा धंदा. पण 'लोकांची घाण धुणारा' जावई आईला कधी रुचला नव्हता, आणि जावयापासून लांब राहायची रीत तिच्या पथ्यावरच पडली होती. तो पुढच्या दारातून आत आला तशी ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड गेली. मी मध्ये उभी.

"त्याला विचार, कशाने धुणार?"

"आई विचारतेय—"

"ऐकलं मी. त्यांना सांग, आधी तेल ओतणार."

"तेल?" पडदा हलला. "त्याला सांग, गालिचा आहे, चपाती नाही!"

"त्यांना सांग, चीक पाण्याने जात असता तर पावसात फणसाचं झाडच धुऊन निघालं असतं."

"त्याला सांग, तोंड चालतंय तेवढे हात चालवून दाखव."

"अहो, दोघांनाही ऐकू येतंय. मी कशाला सांगू?"

"सांग!" दोघं एकदम म्हणाली.

मुकीबीने बाटलीचं झाकण उघडलं. तेलाचा वास पडद्यापर्यंत गेला असणार, कारण पुढच्या क्षणी आई बाहेर होती. कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्याचं टोक डोळ्यांवर धरलेलं, दुसरा हात पुढे.

"बाटली इकडे!"

मुकीबीने डोळे गच्च मिटले. हातात तर देता येत नव्हती, म्हणून त्याने बाटली जमिनीवर ठेवली. दोघं समोरासमोर आंधळी उभी, मध्ये बाटली. मी उचलू शकले असते. उचलली नाही.

"डाग वाढला," आई म्हणाली, आणि 'त्याला सांग' म्हणाली नाही, "तर लग्न मोडणार नाही. पण माझ्या लेकीला ते जन्मभर ऐकवतील. घाणेरड्या घरातली म्हणतील."

"नाही वाढणार, न्याबो," मुकीबी बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने म्हणाला.

"आणि गेलाच नाही तर?"

"जाईल."

ना 'बघतो', ना 'प्रयत्न करतो'. आईने पायाने चाचपडत बाटली शोधली, हळूच त्याच्याकडे सरकवली आणि पाठ फिरवून पडद्याआड गेली.

मुकीबीने तेल ओतलं आणि ते चिकात मुरेपर्यंत नुसता बसून राहिला. पडद्यामागे एक पातेलं जोरात आपटलं. तो हलला नाही. मग चमच्याच्या दांड्याने कडेकडून मध्याकडे खरवडत आला, तसा चीक काळ्या वळ्या होऊन सुटू लागला. तेल शोषायला मक्याचं पीठ टाकलं, ते झटकलं, साबणाचा फेस लावला, थंड पाणी. घासलं कुठेच नाही, फक्त फडक्याने दाबत राहिला.

गालिचा कुंपणावर वाळत पडला तेव्हा आई लांबून बघून आली. डाग गेला होता. ती जागा इतकी लाल झाली होती की उरलेला गालिचाच मळका वाटत होता.

"त्याला सांग," ती मला म्हणाली, "बाकीचाही धू म्हणावं. एकच जागा चकचकीत दिसली तर पाहुणे विचारतील, इथे काय सांडलं होतं."

मी मागे वळले. मुकीबीने दुसरी बादली आधीच भरून ठेवली होती.

माझ्या वडिलांनी तो गालिचा आणला तेव्हा बैठकीत फरशी नव्हती; मातीने मळू नये म्हणून आईने वर्षभर तो गुंडाळून कपाटावर ठेवला होता.