लाल माळावरचा चुना

माझ्या रानात चार बोटं माती, तिच्याखाली नुसता जांभा दगड. लोहाऱ्याच्या बाजूला सगळ्यांची काळी जमीन, आन माझ्याच वाट्याला हा उताराचा लाल माळ. नशीबच मेलं तसलं! आमचे मालक होते तवा नांगरायचे. एका सालच्या मोठ्या पावसात नांगरलेली माती सगळी ओढ्याला गेली, तवापासून त्यांनी नांगराचं नाव सोडलं. धसकटं तशीच ठिवायची, काठीनं भोक पाडायचं आन भुईमूग टोकायचा. लोक हसायचे. मालक म्हणायचे, हसू दे, माती तर जाग्यावर हाय. ते वारले, पोरी सासरी गेल्या, तरी म्या तेच चालू ठिवलं.

टोकणीला, खुरपणीला, शेंगा उपटायला सत्यभामा तिच्या रोजंदारीच्या बाया घेऊन यायची. खरं सांगते, मला शेंगांपरीस त्या बायांचीच वाट. घरात बोलायला नुसती भिंत. बाया आल्या की कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कसा, समद्यांची उणीदुणी काढत खुरपं चालायचं. सत्यभामा म्हणायची, "चांगुणाकाकू, तुमची जीभ खुरप्याच्या म्होरं पळती." म्या म्हणायची, "तुझं खुरपंच पळत न्हाय गं बाई."

पण शेंगा पोचट निघायल्या. वरून टपोऱ्या, आत दाणा न्हाय. सोसायटीत ज्ञानोबा म्हणून नवे साहेब आलते, शेतीचं शिकलेले. त्यांनी माती तपासायला पाठवली. म्हणाले, "काकू, तुमची माती आंबट झालीय. काळ्या जमिनीत चुना मुळातच असतो, तुमच्या लाल मातीत तो नाही. तुम्ही नांगरत नाही, तर वरूनच पसरा. दरसाल थोडा. पावसानं सावकाश खाली उतरतो." सोसायटीनं पोती दिली. वैशाखात घमेलं घेऊन म्या एकटीनं अख्खा माळ पांढरा केला.

टोकणीच्या दिवशी वाट बघून डोळे दुखले, कुणी आलं न्हाय. सत्यभामेच्या दारात गेले तर ती उंबऱ्याच्या बाहेर येईना.

"काकू, तुमच्या रानात ढोर पुरलंय म्हणं."

"कुणाचं ढोर?"

"चुना दिसतोय की."

आता काय बोलावं! पण तिचंबी खोटं न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात रोगानं ढोरं मेली, ती खड्ड्यात लोटून वर चुना टाकला. ढोरं वढायला गेलेला सत्यभामेचा धाकटा भाऊ त्याच रोगात गेला. तवापासून रानात चुना दिसला की आमच्या गावच्या बाया नाकाला पदर लावून वाट बदलत्यात.

"आगं, मातीचं औषध हाय ते," म्या म्हणलं.

"असंल, काकू. पण बाया माझ्या शब्दावर येत्यात. एखादीला काय झालं तर?"

ज्ञानोबासाहेबांनी चावडीत समजावलं. बायांनी माना हलवल्या आन सकाळी दुसऱ्याच्या रानात गेल्या.

टोकण एकटीनं केली, खुरपण एकटीनं. एकदा म्या मोठ्यानं सत्यभामेच्या नवऱ्याला नावं ठिवली. ऐकायला बांधावर घुमणारा होला तेवढा. आधी हसू आलं, मग रडूच आलं. माणसाला माणूस लागतं हो, दुसरं काय.

शेंगा मात्र भरल्या. एक फोडली, दाणे गच्च. तोंडात टाकला, गोड लागला, आन "बघ गं" म्हणून मान वळवली तर मागं कुणीच न्हाय. असा राग आला मला त्या दाण्याचा! एकटीच्यानं किती उपटून व्हणार? जमीन वाळली आन निम्म्या शेंगा खालीच राहिल्या.

पुढल्या उन्हाळ्यात परत पोती आली. साहेब म्हणाले, "सोडू नका काकू, आत्ता कुठं गुण यायलाय."

शेजारचा बब्रुवान बांधावर उभा होता. साहेब गेल्यावर म्हणाला, "काकू, एकदा नांगर फिरवा. चुना मातीत गडप व्हईल. पांढरं दिसलं न्हाय की बाया येतील."

"आन माती?"

"पाऊस बेतानं झाला तर ऱ्हाईल."

पोत्यावर बसून लई इचार केला. मालकांचा चेहरा सारखा म्होरं यायचा. पण आणखी एक साल त्या होल्यासंगं बोलायचं माझ्यात बळ न्हवतं. म्या म्हणलं, "आण तुझं औत."

चुना पसरला आन मागोमाग नांगर फिरला. टोकणीला सत्यभामा बाया घेऊन आली. मधल्या सालाचं कुणी काढलं न्हाय, म्याबी न्हाय. बांधावर भाकरी सोडल्या, एकमेकीच्या फडक्यातली चटणी खाल्ली. दिवसभर माझं तोंड बंद न्हवतं. घरी येऊन घसा बसला.

त्याच आठवड्यात पाऊस आला आन तो काय बेताचा न्हवता. सकाळी ओढा लालभडक व्हऊन वाहत होता. माळावर जागोजागी जांभा उघडा पडलेला, निम्मं बी मातीसंगं गेलेलं. सत्यभामा ऐकून पळत आली.

"आता वो काय करायचं, काकू?"

"परत टोकायचं. उद्या बाया घेऊन ये."

"आवं, पर टोकायचं कशात?"

"आसंल तिथं टोकू," म्या म्हणलं. "तू ये म्हंजे झालं."