खोबरेलाच्या वासाची बाधा

शनिवारी संध्याकाळी नंदाखालला नरहरीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. केळीच्या बागेतून माणसं वाट काढत येत होती. मधोमध त्याच्या मुलीची, इशिताची, जुनी गाडी उभी होती आणि बॉनेटमधून पांढरा धूर निघत होता. धुराला चक्क खोबरेल तेलाचा वास. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल काढले. मी शेजारी, मी तेवढं नाक धरलं.

"बाधा आहे," धूम्रनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. "चाकात शनी, इंजिनात अग्नी आणि स्टिअरिंगवर स्त्री. कसं निभावणार? नरहरी चालवतो तेव्हा धूर नाही, मुलगी चालवते तेव्हाच धूर. आणखी काय पुरावा पाहिजे? गाडी मठात जमा करा."

पुरावा खरा होता, हीच पंचाईत होती. नरहरी बिचारा मनापासून घाबरला होता. महाराजांच्या सांगण्यावरून तो दर शनिवारी सकाळी, मारुतीला वाहावं तसं, घरच्या नारळांचं तेल इंजिनाला वाहत होता. धूर मात्र वाढतच चालला होता.

इशिता फिजिओथेरपिस्ट. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन चालतं करते. गाडी गेली की ते सगळं बंद.

"मग माझ्या आईच्या गुडघ्याचं काय?" गर्दीतून व्हेरोनिकाने विचारलं. "आता कुठे ती ओट्यापर्यंत यायला लागलीय."

महाराजांनी गुडघ्यासाठीही अंगारा पुढे केला. मला संताप आला. इशिता मात्र हसत होती.

"पप्पा, तुम्ही गाडी कुठवर नेता?"

"आगाशीच्या नाक्यापर्यंत. आणि परत."

"मग इंजिन गार झालं की आज लांब, थेट विरार स्टेशनला जाऊन या. मी इथेच थांबते. महाराजांना शेजारी बसवा, म्हणजे बाधा जवळ फिरकायची नाही."

एवढ्या लोकांसमोर महाराज नाही कसं म्हणणार? चहा झाला, इंजिन निवलं, गाडी गेली. परत आली ती धूर सोडतच. महाराज खोकत आधी उतरले.

"बाधा आता पुरुषालाही धरतेय," ते म्हणाले. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

इशिताने बॉनेट उचलून टॉर्च मारला. "हे इंजिनाचं वरचं झाकण. याच्याखाली रबराचं पॅकिंग असतं. ते कडक झालंय, म्हणून ऑइल झिरपतं आणि खालच्या तापलेल्या पाइपवर जळतं. नाक्यापर्यंत पाइप पुरता तापतच नाही. मी दिवसभर फिरते, म्हणून धूर माझ्या वाट्याला. आणि पप्पा, वास तुमच्या खोबरेलाचा."

रविवारी सकाळी गार इंजिनाचं झाकण तिने स्वतः उघडलं. जुनं पॅकिंग बोटांत पापडासारखं मोडलं. खाच पुसून तिने नवं बसवलं आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले. तेल वाहायची वाटी पुसून नरहरी तिच्यातच बोल्ट सांभाळत उभा होता. पाइप स्वच्छ करून ती स्टेशनला जाऊन आली. धुराचा मागमूस नव्हता. महाराजांचाही नव्हता.

मंडळी, पुरावा दिसला तरी एकदा विचारावं, की दुसरं काही कारण असेल का? गाडी धुरावली तर इंजिन गार होऊ द्या, बॉनेट उघडा, बघा. हात जोडलेले असले की बॉनेट उघडता येत नाही.

नरहरीने किल्ली इशिताच्या हातावर ठेवली. "जा," तो म्हणाला, "व्हेरोनिकाची आई ओट्यावर येऊन बसली असेल."