उलटा खिळा

ही २०२२ सालची गोष्ट. कासारवाडीत रुळाच्या अलीकडे एका बंद वर्कशॉपची शेड होती. गुरुवारी, म्हणजे कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तिथे पाय ठेवायला जागा नसायची. माणसं बिंदुनाथबाबांची पोथी बघायला यायची. पोथी कागदाची नव्हती, फोनवरची होती. बाबांचा चेला नवनाथ पडद्यामागे एकेकाच्या फोनमध्ये ती घालून द्यायचा. मग अकराव्या पानावर एक अक्षर उगवायचं, ज्योतीसारखं, वेटोळं घातलेलं. ते ना बाराखडीत होतं, ना कीबोर्डावर.

"हे बीजाक्षर," बाबा सांगायचे. "जगातल्या एका कंपनीला हे टाइप करता आलेलं नाही. अमेरिकेनं याच्यावर सॅटेलाइट लावला होता, भाऊ. जळून खाली आला. हे उतरतं फक्त शुद्ध माणसाच्या फोनात."

सॅटेलाइट कुठे पडला, हे कोणी विचारलं नाही. सुमनताईंनीही नाही. शेजारच्या गोजाबाई ओढून घेऊन आल्या म्हणून त्या आल्या होत्या. पंचवीस वर्षं त्यांनी पिंपरीतल्या छापखान्यात उभ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. छापखाना बंद होऊन जमाना लोटला, तरी नवं अक्षर दिसलं की त्यांची बोटं हवेत त्याचा खण शोधत.

त्या गुरुवारी गोजाबाईंची सून दिव्या पुढे बसली होती. बाबांनी सासूचं इन्सुलिन बंद करवलं होतं आणि या पोरीनं ते पुन्हा सुरू केलं होतं. बाबांना ते कळलं होतं. पडद्यामागून फोन परत आला. दिव्याने अकरावं पान उघडलं. ज्योत नव्हती. तिच्या जागी रिकामे चौकोन होते.

"बघा," बाबा हळू आवाजात म्हणाले. "देवानं दारं लावून घेतली. हिच्या अंगात जे आहे, ते आधी सासूला खाईल, मग नवऱ्याला."

नवरा प्रज्वल वेल्डर, चाळीत कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याने कमरेचा पट्टा काढला. गोजाबाईंनी सुनेचे केस मुठीत धरले. पहिल्याच फटक्याला बकल तोंडावर बसलं आणि दात फरशीवर पडला. लोक सरकले ते सोडवायला नाही, नीट दिसावं म्हणून. सुमनताई दिव्याच्या अंगावर आडव्या पडल्या तेव्हा पुढचा फटका त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. समोरच दिव्याचा फोन पडला होता. ते चौकोन त्यांनी पुन्हा बघितले आणि वेदनेतही त्यांना वाटलं, हे आपण ओळखतो.

"पुढल्या गुरुवारी तव्यावर हात ठेवेल," बाबांनी निकाल दिला. "शुद्ध असेल तर फोड येणार नाही."

"पोलिसांत चल," सुमनताई घरी आल्यावर म्हणाल्या.

"घर मोडेल, ताई," दिव्या सुजल्या ओठांनी म्हणाली.

"आणि हात?"

दिव्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सुमनताईंची भाची प्राजक्ता माण गावातल्या एका कंपनीत फोनवर वाचायची पुस्तकं तयार करायची. दुसऱ्या दिवशी ती आली, दिव्याच्या फोनमधली पोथी तिने उघडली आणि शिवी हासडली.

"मावशी, प्रत्येक अक्षराला जगभर एक ठरलेला नंबर असतो. काही नंबर मात्र मुद्दाम मोकळे ठेवलेत, ज्याने त्याने आपल्या खासगी अक्षरासाठी वापरावेत म्हणून. याने तसा एक घेतलाय. पण त्याचं चित्र असतं फॉन्टमध्ये. फॉन्ट पुस्तकातच बांधून पाठवायचा असतो. नाही पाठवला, तर फोनला कळतच नाही काय काढायचं."

"मग तो चौकोन काढतो."

"तुला कसं माहीत?"

"आमच्याकडे खिळा कमी पडला, की आम्ही दुसराच खिळा उलटा लावायचो. छापल्यावर काळा ठोकळा उमटायचा. त्याचा अर्थ एवढाच, की इथला खिळा आणायचा आहे." सुमनताई प्लास्टरमधला हात धरून बसल्या होत्या. "त्याच्याकडे दोन पोथ्या आहेत गं. एक खिळ्यासकट, एक खिळ्याशिवाय. ज्याला मारायचं, त्याला दुसरी."

पुढच्या गुरुवारी शेडमध्ये शेगडी पेटली होती, तवा लाल होत आला होता. पोलिसांना कळवून प्राजक्ता दारात उभी होती. प्रज्वल दिव्याला दंडाला धरून पुढे ओढत होता. सुमनताई तव्याच्या आड उभ्या राहिल्या.

"आधी हिचा फोन बघा."

चाळीतल्या एकीच्या पोथीतला ज्योतीचा फॉन्ट बांधून प्राजक्ताने पाठवलेलं पान दिव्याने उघडलं. ज्योत लखलखत होती. माणसं उठून उभी राहिली.

"आता बाबांचा. तेच पान त्यांनाही पाठवलंय."

"आमचा फोन समाधीत आहे, माई."

"उगडा की बाबा," गोजाबाईच म्हणाल्या. "तुमाला कसली भीती?"

त्यांनीच बाबांच्या हातातून फोन घेतला, उघडला आणि सगळ्यांपुढे धरला. चौकोन होते.

"प्रज्वल," सुमनताई म्हणाल्या, "आता तुझ्या फोनवर काय पाठवू? पुण्य की पाप? दोन्ही तयार आहेत. एकात फॉन्ट आहे, एकात नाही. तुझ्या बायकोचा दात तू यासाठी पाडलास."

नवनाथ पडद्यामागून पळाला. बाबा उठायला गेले, तोच प्रज्वलने सांडशीने तवा उचलून फेकला. तो बाबांच्या कानाला चाटून गेला. मांस जळल्याचा वास सुटला आणि शेडमधली सगळी माणसं बाबांवर तुटून पडली. सुमनताई एका हाताने माणसं ओढत राहिल्या. "गेल्या गुरुवारी हेच हात होते तुमचे," त्या सांगत होत्या. "तेव्हाही विचारलं नाहीत, आताही विचारत नाही आहात." एकदोघं थांबली. बाकीचे पोलीस आल्यावर थांबले.

बिंदुनाथबाबांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली खटला चालला. त्यांचा एक कान गेला. नवनाथ आजतागायत सापडलेला नाही. मधल्या काळात चुकलेल्या इन्सुलिनपायी गोजाबाईंच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. आता त्या सुई स्वतः टोचून घेतात. प्रज्वलवर गुन्हा दाखल झाला, दिव्यानेच तक्रार दिली. ती चाकणला एका कारखान्यात लागली आणि एकटी राहते. हसताना तोंडावर हात धरते. प्राजक्ता दर पुस्तकाचा फॉन्ट दोनदा तपासते. सुमनताईंचं मनगट वाकडंच जुळलं.

चाळीतली पोरं त्यांना अजून ती गोष्ट विचारतात. त्या सांगतात आणि शेवटी म्हणतात, बाळांनो, न कळणारं काही दिसलं तर कोणाचं पाप शोधायला जाऊ नका. कुठला खिळा कमी आहे, ते शोधा.