अठ्ठेचाळीस खुंट्या

भावोजींनी खुंट्या धुऊन-पुसून, बारा-बाराच्या चार जुड्या बांधून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि वर म्हणाले, "मोजून घे. एकही हरवलेली नाही."

मी चहाचा कप हातात धरून नुसती बघत राहिले. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या टोळीचे मुकादम. तेवीस वर्षांत त्यांच्या मशीनला गंज चढला नाही की त्यांच्या नावावर एक मेमो आला नाही. माणूस सोन्यासारखा, पण नीटनेटकेपणाचं असं वेड की दुसऱ्याच्या चपलासुद्धा सरळ करून ठेवतील.

"या खुंट्या उतारावर होत्या ना भावोजी?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा खाली ठेवला होता.

"होत्या. काल सुट्टी होती, म्हटलं मेव्हणीचं काम करून टाकू. आज मोठे साहेब येणार, आणि तो उजवीकडचा तुकडा कसल्या अवतारात होता! चांगला साफ केला. खुंट्या पात्यात येत होत्या म्हणून उपटल्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं झाली होती. टेकडी फोडून रस्ता काढला तेव्हा दोन्ही बाजूंना नुसता लाल, दगडासारखा कडक उतार उरला होता. डाव्या अंगाला आमच्या रस्ते खात्याने एकाच जातीचं गवत लावलं. उजव्या अंगाला मी भांडून-भांडून बावीस जातींचं बियाणं मिसळून पेरलं. त्यात गवतं होती, वेली होत्या, शेंगा धरणारी झुडपं होती, खोल मुळांची कसली कसली रोपं होती. मग तिथे बारा चौकोन आखले. चार कोपऱ्यांना चार खुंट्या. दरवर्षी त्याच चौकोनात किती जाती टिकल्या ते मोजायचं आणि त्याच चौकोनातली माती तपासायला पाठवायची. आज नऊ वाजता सहावी आणि शेवटची मोजणी सुरू होणार होती. अकराला मोठे साहेब येऊन पुलापलीकडच्या नव्या उतारावर काय पेरायचं ते ठरवणार होते. तो उतार याच्या तिप्पट लांब. तिथेही एकच गवत लावलं, तर डावीकडे होतं तेच होणार, म्हणजे दर पावसाला रस्त्यावर चिखल.

आणि हे गृहस्थ माझे चौकोन धुऊन घेऊन आले होते.

"आणि खुंट्यांची भोकं?" मी विचारलं.

"बुजवली ना! कुणाचा पाय मुरगळला तर? पुलापलीकडून घमेलंभर माती आणली आणि एकेक भोक ठोकून बुजवलं." त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं अगदी स्वच्छ दिसत होतं.

मग मात्र मी सुटले. काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" हे चार वेळा. "अहो, बी अजून पडलंही नव्हतं! बी पडायच्या आत कापलं की पुढच्या वर्षी निम्म्या जाती गायब! एवढं कळत नाही?" हे दोनदा. "आयुष्यभर फक्त कापत आलात!" हे एकदा, पण पुरेसं मोठ्याने. भावोजी खाली मान घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी जुड्या उचलल्या आणि माझ्यामागोमाग उतारावर आले.

उजवा उतार न्हाव्याकडून आल्यासारखा दिसत होता. कालपर्यंत कमरेएवढी वाढलेली झुडपं होती, निळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या. आता सगळीकडे बोटभर उंचीचे खुंट. मी कपाळाला हात लावला. आणि मग खाली बघितलं तर कापलेल्या खुंटांमधून लाल ठिपके दिसत होते. चार-चारच्या चौकोनात.

पुलापलीकडची माती ताजी कापलेली, विटेसारखी लाल. सहा वर्षांपूर्वी इथली मातीही तशीच होती. आता इथली काळपट झाली होती, भुसभुशीत, कुदळ मारली की ढेकूळ हातात कुस्करलं जाई. म्हणून ते ठिपके इतके उठून दिसत होते. भावोजींनी एकेका ठिपक्यात खुंटी ठोकायला सुरुवात केली. चौकोन परत मिळाले. पण त्यात मोजायचं काय? खुंटांना नावं विचारू?

अकराच्या ठोक्याला साहेब आले. गाडीतून उतरले, दोन्ही अंगांना बघितलं आणि खूश झाले.

"वा! मला तर सांगितलं होतं की तुमच्या बाजूला रान माजलंय. हे तर किती टापटीप!"

"साहेब, ही माती बघा," मी गुडघे टेकून कुदळीने ढेकूळ काढलं. "पाणी मुरतं यात. गांडुळं आहेत. आणि हे लाल दिसतंय ना, सहा वर्षांपूर्वी सगळं असं होतं."

साहेब बूट सांभाळत दोन पावलं मागे सरकले. "हो हो. पण ते लाल डाग जरा झाकून टाका. बरं दिसत नाही."

आता अशा माणसाला काय बोलणार? मी ढेकूळ खाली ठेवलं. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून चार ओळी खरडल्या, सही केली आणि माझ्या हातात दिला. नव्या उतारावर मिश्र बियाणं मंजूर. खाली अट होती, दर दोन महिन्यांनी कापणी करून उतार आजच्यासारखाच ठेवावा.

मी अट वाचली. दोनदा वाचली. मंजूर हा शब्दही दोनदा वाचला. आणि म्हणाले, "थँक यू, साहेब."

भावोजी माझ्याकडे बघत होते. मी नजर चुकवली. साहेब गाडीचं दार उघडणार तेवढ्यात ते पुढे झाले.

"साहेब, हे असं नसतं. काल मी कापलं म्हणून असं दिसतंय. सहा वर्षं इथे कमरेएवढं रान होतं. दर दोन महिन्यांनी कापलं तर यातलं काही उरणार नाही."

"कुणाच्या परवानगीने कापलं?"

"कुणाच्याच नाही. माझी चूक झाली."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, मी कागद दिला, त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. "एक हंगाम न कापता ठेवा. मग बघायला येईन. तोवर पुलापलीकडे काही पेरायचं नाही." मग ते भावोजींकडे वळले. "आणि तुम्हाला मेमो मिळेल." गाडी गेली.

मी भावोजींवर उसळले. "हातात आलं होतं! हातात! कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?"

"सकाळी तूच म्हणालीस ना, बी पडायच्या आत कापलं की जाती जातात," ते म्हणाले. "मग वर्षातून सहा वेळा कापल्यावर काय राहणार?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिने "हॅलो"सुद्धा म्हटलं नाही.

"काय बोललीस गं त्यांना? आल्यापासून मशीनचं पातं पुसत बसलेत. तेवीस वर्षांत पहिला मेमो! तुझ्या झुडपांपायी!"

"ताई, चूक त्यांचीच होती. न विचारता कापलं त्यांनी."

"ते त्यांनीही सांगितलं मला. पुढचं सांग. साहेबांना खरं काय ते कुणी सांगितलं?"

"त्यांनी."

"का? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं गं."

"मग तू काय करत होतीस?"

"कागद घट्ट धरून उभी होते."

ताई म्हणाली, "हे मला काय सांगतेस? इकडे ये आणि त्यांना सांग."